संगणकाच्या पहिल्या वर्गात काय शिकवावे?

संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमांची आपल्या देशात वाण नाही. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ मध्ये झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला. सरकारी नोकरीसाठी तो मागितला जाऊ लागल्यावर तर घरोघरी पोचला. केंद्र सरकारच्या नाइलिट या संस्थेचा ऐंशी तासांचा सीसीसी अभ्यासक्रम आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने तोच विषय वीस तासांत बसवला. तामिळनाडू सरकारने २०११ मध्ये शाळकरी विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना आखली. यंत्रे पोचली, प्रमाणपत्रेही पोचली. पण पहिला धडा कोणता असावा, याचा विचार मात्र यंत्राच्या अंगाने झाला, शिकणाऱ्याच्या अंगाने नाही. कोणती खिडकी कशी उघडावी आणि कोणते बटण कुठे असते, हेच बहुतेक ठिकाणी शिकवले जाते. चार-पाच वर्षांत बटणे जागा बदलतात आणि शिकलेले फुकट जाते.

प्रशासनात उमेदीची वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की संगणक हे प्रथम नोंद करण्याचे, ठेवण्याचे आणि तपासण्याचे साधन आहे. आपण केलेली नोंद तीस वर्षांनंतर दुसऱ्या कुणाला सापडली पाहिजे आणि वाचता आली पाहिजे. पहिल्या अभ्यासक्रमाने एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

सध्या कामानिमित्त माझा मुक्काम तंजावरला आहे, आणि हा विषय या गावाइतका अन्यत्र क्वचितच डोळ्यांत भरत असेल. व्यंकोजी राजांपासून १८५५ मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत येथे मराठ्यांचे राज्य होते. सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) नव्या विद्यांसाठी शाळा काढल्या आणि देवनागरी छापखाना घातला. इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ मध्ये त्याच छापखान्यातून निघाले. मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते, आणि ते पुण्या-मुंबईत नव्हे तर कावेरीकाठी छापले गेले, हे आपल्याकडील किती सुशिक्षितांना ठाऊक असते? बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसले वंशाचा १८०३ चा मराठी शिलालेख आजही कुणीही उभ्याने वाचू शकतो, कारण तो देवनागरीत आहे. दरबारचे दैनंदिन कागद मात्र मोडीत. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके! लिपी हातची गेली की शाबूत दप्तरही मुके होते.

हेच आपण संगणकावर पुन्हा करून बसलो आहोत. नव्वदच्या दशकात सरकारी कार्यालयांत मराठी टंकनासाठी जे फॉन्ट वापरात होते, त्यांतील बहुतेकांत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच साठवली जात. पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी आकृती दिसत, इतकेच. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की निव्वळ खिचडी. मी ज्या एका कार्यालयात होतो तेथे अशा फायली कपाटभर तबकड्यांवर होत्या आणि अखेरीस छापील प्रतींवरून मजकूर पुन्हा टंकित करावा लागला. मोडीला दुर्बोध व्हायला शंभर वर्षे लागली. या फायलींना पंधरा पुरली. युनिकोडमुळे हा प्रश्न तत्त्वतः सुटला. २०१४ मध्ये तर मोडी लिपीलाही युनिकोडात स्थान मिळाले. परंतु आपण टंकित करतो ते युनिकोड आहे की नाही, हे ओळखावे कसे, हे अभ्यासक्रमात किती ठिकाणी शिकवतात?

म्हणून पहिला धडा स्वभाषेत, दहा बोटांनी, युनिकोडमध्ये लिहिण्याचा असावा. येथे इन्स्क्रिप्ट या कळपाटाचा उल्लेख करणे भाग आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये तो प्रमाणित केला. भारतीय लिप्यांची वर्णमाला एकच आहे, या साध्या सत्यावर तो उभा आहे. इंग्रजी ‘के’च्या कळीवर देवनागरीत क आहे, तमिळमध्येही क, ‘एल’वर दोन्हीकडे त, ‘एच’वर प, ‘ई’वर काना. ‘काका’ हा शब्द तमिळ लिपीतही त्याच चार टिचक्यांत उमटतो. तमिळसाठी राज्य सरकारने १९९९ मध्ये तमिळ-९९ हा वेगळा कळपाट मान्य केला आणि केवळ तमिळ लिहिणाऱ्याला तो पुरेसा आहे. परंतु घरात मराठी, शाळेत तमिळ असणाऱ्या मुलाला एकाच सरावात दोन लिप्या मिळत असतील, तर त्या का सोडाव्यात? बंगळुरू, बडोदा वा इंदूरच्या मराठी घरांनाही हाच हिशेब लागू आहे.

येथील एका मराठी कुटुंबातील, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील मुलीशी मध्यंतरी बोलणे झाले. दोन प्रोग्रामिंग भाषा तिला येतात. घरी ती तंजावरी मराठीत बोलते, पण आजीसाठी काही लिहायचे तर रोमन अक्षरांत, कारण मराठी कधी लिहिलीच नाही. “लिहायची गरज काय सर? फोनला सांगितले की तो लिहितो,” असे ती म्हणाली. युक्तिवाद बिनतोड वाटावा असा. मी तिला तिच्या घरचीच चार वाक्ये फोनला सांगायला लावली. पुण्याच्या प्रमाण मराठीवर पोसलेल्या त्या यंत्राने दोन वाक्ये भलतीच लिहिली, आणि ती चुकली आहेत हे वाचल्यावाचून तिला कळेना. तीनशे वर्षे जपलेली बोली यंत्राला यायला हवी असेल, तर ती आधी कुणीतरी लिहून ठेवायला हवी. ते काम तंजावरकरांवाचून कोण करणार?

दुसरा धडा फाइल ठेवण्याचा. फोनवर वाढलेल्या पिढीला फोल्डर ही कल्पनाच परकी आहे. सगळे एका ढिगात आणि शोधखिडकीवर भिस्त. मराठेशाहीतील कारकुनाला पत्रावर तिथी आणि सुहूर सन घातल्याशिवाय सुटका नव्हती. आपले पदवीधर मात्र ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरेच’ अशा नावांनी अहवाल पाठवतात. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घातला की फायली आपोआप कालक्रमाने लागतात. हे सांगायला दहा मिनिटे लागतात, आणि मी ते सहायक संचालकांना सांगत आलो आहे. दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे हेही त्यातच आले.

तिसरा धडा आकड्यांच्या तक्त्यावर संशय घेण्याचा. राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा सरकारी कर्ज आणि विकासदर यांवरील २०१० चा निबंध जगभरच्या अर्थमंत्रालयांत वाचला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता मागवून पाहिला, तेव्हा सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देश घेतलेच नव्हते असे आढळले. निबंधावर इतरही आक्षेप होते. पण सूत्राची कक्षा तपासणे हे शाळकरी काम आहे, आणि ते तीन वर्षे जाहीरपणे कुणी केले नव्हते.

या तिन्हींसाठी जागा करायची तर काहीतरी गाळावे लागेल. संगणकाच्या पिढ्यांचा इतिहास गाळावा, सादरीकरणातील सरकती अक्षरे गाळावीत. ऐंशीपैकी तीस तास टंकनाला, पंधरा फायलींना, वीस तक्त्यांना आणि उरलेले फसवणुकीपासून सावध राहण्याला द्यावेत. परीक्षेत पर्यायी प्रश्नांऐवजी एक काम द्यावे: घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली पानभर हकिकत त्यांच्याच बोलीत टंकित करायची, दिनांकासह नाव देऊन ठेवायची आणि शेजारच्या विद्यार्थ्याने ती अन्य यंत्रावर उघडून मोठ्याने वाचून दाखवायची. तंजावरात हे काम मराठी, तमिळ आणि सौराष्ट्री या तिन्ही बोलींत एकाच वर्गात होऊ शकेल.