प्रेयसी नव्हे, छायाचित्रकार!

युद्धभूमीवर छायाचित्रे टिपताना जे मरतात, त्यांच्या स्मृतीतही वर्गभेद असतो. ज्याचे नाव बाजारात चालते तो अमर होतो. ज्याचे श्रम त्या नावाखाली विकले गेले त्याच्या वाट्याला तळटीप येते. गेर्डा टारो हिची कहाणी याची साक्ष आहे.

१९१० साली श्टुटगार्टमध्ये जन्मलेली ही ज्यू तरुणी १९३३ मध्ये नाझीविरोधी प्रचारासाठी तुरुंगात गेली आणि पुढे निर्वासित म्हणून पॅरिसला आली. तेथे तिला एन्द्रे फ्रीडमन हा हंगेरियन निर्वासित भेटला. निर्वासितांच्या छायाचित्रांना किंमत येत नाही, हे पाहून १९३६ मध्ये दोघांनी ‘रॉबर्ट कापा’ नावाचा श्रीमंत अमेरिकन छायाचित्रकार कल्पनेने उभा केला. नाव दोघांनी घडविले. मालकी मात्र एकट्या फ्रीडमनकडे गेली. स्पेनच्या यादवी युद्धात टारोने टिपलेली कित्येक छायाचित्रे कापाच्याच नावावर खपली. १९३७ मध्ये ‘फोटो टारो’ हा स्वतःचा शिक्का तिने मिळविला. त्याच जुलैत ब्रुनेतेच्या माघारीत प्रजासत्ताकाच्याच रणगाड्याची धडक बसून ती गेली. वय अवघे सव्वीस!

केवळ बाजाराला दोष देऊन डाव्यांची सुटका नाही. फ्रेंच साम्यवादी पक्षाने तिची भव्य अंत्ययात्रा काढली, जाकोमेत्तीने थडगे घडविले. पण तिचे काम दशकानुदशके विस्मृतीत राहिले. पक्षाला हुतात्मा हवी होती, बाजाराला कापाची प्रेयसी. कष्टकरी छायाचित्रकार कोणालाच नको होती. २००७ मध्ये मेक्सिकोतून सुमारे साडेचार हजार निगेटिव्ह न्यूयॉर्कला पोचल्या, तेव्हा कापा, टारो आणि डेव्हिड सेमूर यांचे काम वेगळे ओळखणे सुकर झाले. तोवर सत्तर वर्षे लोटली होती.

कोणी म्हणेल, लढ्यात नावाचा हव्यास कशाला? हा त्यागाचा उपदेश नेहमी दुबळ्यालाच का केला जातो? कापाला नाव सोडावे लागले नाही. १९५४ मध्ये इंडोचायनात सुरुंगस्फोटात मरण पावलेल्या कापाचे शौर्य आम्ही नाकारीत नाही. त्याच्या कीर्तीत मिसळलेले दुसऱ्याचे श्रम तेवढे वेगळे काढून मागतो.

श्रमाचे मोल मागणाऱ्या चळवळीने आरंभ स्वतःपासून करावा. आपल्या नियतकालिकांत छायाचित्र छापताना त्याखाली ते टिपणाऱ्याचे नाव छापावे. हुतात्म्यांना हार घालण्यापूर्वी एवढे ऋण तरी फेडू या.