जुन्या दस्त्याला नवी झिलई

बंदूक हा विषय कलाशाखेच्या वार्षिकात कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. पण मला बोलायचे आहे ते नळीविषयी नव्हे, तिच्यामागच्या लाकडाविषयी.

अमेरिकन लष्कराने १९३६ साली स्वीकारलेली 'एम-१ गॅरंड' रायफल दुसऱ्या महायुद्धात लाखो सैनिकांच्या खांद्यावर होती. तिचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. आज त्या रायफली तिथल्या हौशी नागरिकांच्या घरी आहेत आणि काळवंडलेला दस्ता घासून नवा कोरा करणे हा अनेकांचा पहिला उद्योग असतो. या घासण्याला माझा विरोध आहे.

साफ करूच नये, असे मी म्हणत नाही. बंदुकीचे तेल वर्षानुवर्षे मुरत गेले की लोखंडालगतचे लाकूड मऊ पडू लागते. ती घाण निघालीच पाहिजे. रंग काढण्याचे द्रावण लावावे, जुनी झिलई सुटली की चिंध्यांनी पुसून घ्यावी. लाकूड जागच्या जागी राहते. पॉलिश पेपर मात्र घाणीबरोबर लाकूडही नेतो.

आणि लाकडाबरोबर काय जाते? युद्धकाळातल्या दस्त्याच्या डाव्या बाजूचा, चौकटीतला तपासणीचा शिक्का. मुठीवरचे वर्तुळातले 'पी' हे अक्षर. जादा दाबाचे काडतूस उडवून रायफल टिकली, याची ती खूण. युद्धानंतर दुरुस्तीला गेलेल्या कित्येक रायफलींवर त्या शस्त्रागाराचा आणखी एक ठसा. मॅसॅच्युसेट्समधला स्प्रिंगफील्डचा सरकारी कारखाना १९६८ साली बंद झाला. आता तो शिक्का मारणार कोण? (बनावट मारणारे आहेत, ती गोष्ट वेगळी!) बखरीचे पान मळले म्हणून आपण अक्षरे खरवडतो का?

"वस्तू माझी, मला लाकडाच्या रेषा दिसायला हव्यात," असे मालक म्हणेल. मालकी मान्य. ज्या दस्त्यावरचे शिक्के आधीच कुणी घालवले आहेत, तिथे त्याने हौस खुशाल भागवावी. पण खुणा शाबूत असतील तर त्या केवळ त्याच्या नाहीत.

पोचे काढायला घासावे लागतच नाही. ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवली की दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. तुटलेले येत नाहीत. पण शिक्का म्हणजे तरी काय? तेही दाबलेले तंतूच! वाफेला पोचा आणि शिक्का यांतला फरक कळत नाही. तो इस्त्री धरणाऱ्याला कळायला हवा.

शेवटी जवसाचे तेल, आपल्या विदर्भात पिकते त्याच जवसाचे. अगदी पातळ हात द्यावा, तळव्याने चोळावा आणि पुरता वाळल्यावरच दुसरा द्यावा. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, त्याला घाई चालत नाही. त्याच कारणाने तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप तापून पेट घेतो. चिंध्या अंगणात सुट्या पसरून वाळवाव्यात.