आकडा जुळला, म्हणून फोटो डिलीट करायचे?

फोनमधले फोटो लॅपटॉपवर घ्यायचे, तिथून हार्ड डिस्कवर कॉपी करायचे आणि दोन्हीकडच्या फायलींचा आकडा जुळला की लॅपटॉपवरचे उडवायचे, ही अनेकांची पद्धत. हजारो फोटो हाताने कोण मोजणार? त्यासाठी पायथॉनची एक ओळ पुरते. ‘ओएस.लिस्टडिर’ला फोल्डरचा पत्ता द्या, आलेली यादी ‘लेन’ने मोजा. सेकंदात उत्तर. पण हा आकडा फायलींचा असेलच असे नाही.

लिस्टडिर फोल्डरमधली नावे देते. नाव फाइलचे की आतल्या फोल्डरचे, याच्याशी तिला देणेघेणे नाही. अँड्रॉइड फोनमधून आणलेला ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ फोल्डर घ्या. त्यात पाठवलेल्या फोटोंसाठी ‘सेंट’ हा वेगळा फोल्डर असतो. त्यात ८०० फोटो असले तरी लिस्टडिर तो एकच धरणार. आतपर्यंत उतरायचे तर ‘ओएस.वॉक’ हवे. ते प्रत्येक फोल्डरमधल्या फायलींची यादी वेगळी देते. बेरीज तिचीच करायची.

लपलेल्या फायलींचा घोळ यापेक्षा वाईट. टिंबाने सुरू होणारी नावे मॅक आणि लिनक्सवर सहसा दिसत नाहीत. लिनक्सची ‘एलएस’ कमांडही ती वगळते, लिस्टडिर मात्र मोजते. मॅकवर हार्ड डिस्कवरचा फोल्डर उघडला की त्यात ‘.डीएस_स्टोअर’ नावाची फाइल गुपचूप तयार होऊ शकते. आता समजा, कॉपी होताना एक फोटो राहिला आणि तिकडे ही एक फाइल वाढली. दोन्हीकडे आकडा तंतोतंत सारखा! तुम्ही निश्चिंत होऊन डिलीट दाबणार.

नुसते फोटो मोजायचे तर ‘.जेपीजी’ने संपणारी नावे निवडता येतात. मात्र नाव आधी ‘लोअर’ने लहान अक्षरांत आणा, कारण कित्येक कॅमेरे ते मोठ्या अक्षरांत लिहितात. आयफोनचे ‘.एचईआयसी’ फोटोही विसरू नका.

इतके करूनही, आमच्या मते, नुसत्या संख्येवर फोटो उडवू नयेत. अर्धवट कॉपी झालेली फाइलही मोजणीत एकच भरते. त्यापेक्षा प्रत्येक नावापुढे ‘गेटसाइझ’ने तिचा आकार लिहून दोन्ही याद्या ताडून पाहा. कोडच्या चार-पाच ओळी वाढतील, एवढेच. लग्नाबिग्नाचे फोटो असतील तर हार्ड डिस्कवरचे पाच-दहा उघडूनही बघा. लॅपटॉपवरचे आठवड्याने उडवले तरी चालतात.