हरणारे हरतच राहतात?

फ्रान्समध्ये अतिउजवे राष्ट्राध्यक्षपदावर येणार नाहीत, कारण ल पेन घराणं नेहमी हरतं. चांगली शहाणीसुरती, रोज चार पेपर वाचणारी माणसंही हे वाक्य पंचांगातलं ग्रहण सांगावं तितक्या खात्रीनं सांगतात. बाप पाचदा हरला, मुलगी तीनदा हरली. २०२७ला ती स्वतः उभी राहो वा तिचा चेला जोर्दां बार्देला, निकाल तोच. मला हा युक्तिवाद आळशी वाटतो. शिवाय तो धोक्याचाही आहे, कारण ज्यांच्या मतांवर तो उभा आहे त्यांनाच तो घरी बसायची मुभा देतो.

'हरले' या एका शब्दाखाली काय काय झाकलं जातं ते पाहा. २००२च्या दुसऱ्या फेरीत जाँ-मारी ल पेन यांना १७.८ टक्के मतं होती. २०१७ला मारीनबाईंना ३३.९. २०२२ला ४१.५. तिन्ही पराभवच. निकालाच्या रकान्यात तिन्ही वेळा तीच फुली. पण परीक्षेत १८, मग ३४, मग ४१ मार्क मिळवणाऱ्या मुलाबद्दल 'हा नापासच होतो' एवढंच म्हणणाऱ्या मास्तरांना आपण काय म्हणू? (१९८४ला लोकसभेत दोन जागा मिळवणाऱ्या पक्षाचं पुढे काय झालं, हे मराठी वाचकाला मी सांगायला नको.)

यावर उत्तर येतं ते दोन फेऱ्यांच्या पद्धतीचं. पहिल्या फेरीत लोक राग काढतात, दुसऱ्या फेरीत सगळे मिळून ल पेनना अडवतात. खरं आहे. पण हा बांध निसर्गानं घातलेला नाही, दर वेळी माणसांनी हातानं घातला आहे. २००२ला दुसऱ्या फेरीत जवळपास ८० टक्के मतदान झालं; डाव्यांनी नाक दाबून शिराकना मत दिलं. २०१७ला चाळीस लाखांहून अधिक लोक केंद्रावर गेले आणि कोरी किंवा बाद मतपत्रिका टाकून आले. २०२२ला मतदान ७२ टक्क्यांवर आलं. माती टाकणारे हात कमी होताहेत, आणि आमचे मित्र बांधाची जुनी उंची सांगताहेत.

शिवाय हरणारा शिकतही असतो. मारीनबाईंनी २०१५ला बापाला पक्षातून काढलं, २०१८ला पक्षाचं नाव बदललं, युरो सोडायची भाषा गुंडाळून ठेवली आणि २०२२ला पेट्रोल, वीज, किराणा यांच्या किमतींवर प्रचार केला. परदेशी माणसांबद्दलचं धोरण होतं तिथेच राहिलं. दुकानाची पाटी मात्र बदलली.

याचा अर्थ त्या जिंकणारच, असं मी म्हणत नाही. टक्क्यांची चढती रेघ पुढे ओढत नेणं हाही ज्योतिषाचाच प्रकार. अमेरिकेत विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा लोकानुनयी वक्ता १८९६, १९०० आणि १९०८ असा तीनदा हरला, आणि प्रत्येक वेळी त्याची टक्केवारी घसरली. का? भाव पडून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांचा राग हे त्याचं भांडवल. मग क्लोंडाइक आणि दक्षिण आफ्रिकेतून सोनं आलं, पैसा वाढला, शेतमालाचे भाव सुधारले. चांदीच्या नाण्याची त्याची मागणी निस्तेज झाली. मेक्सिकोत उलटं घडलं. लोपेस ओब्रादोर २००६ला एक टक्क्याहूनही कमी फरकानं हरले, २०१२ला सहाहून अधिक टक्क्यांनी, आणि २०१८ला ५३ टक्के मतं घेऊन जिंकले. दुसरा पराभव पहिल्याहून मोठा होता, तरी! कारण भ्रष्टाचार आणि टोळ्यांची हिंसा तशीच राहिली, आणि दोन्ही जुने पक्ष आलटून पालटून सत्तेत बसून नापास झाले.

तेव्हा किती वेळा हरला हे मोजण्यात अर्थ नाही. ज्या तक्रारीवर तो जगतो ती मिटली का, आणि त्याला अडवणारे पक्ष शाबूत आहेत का, एवढं विचारा. फ्रान्समध्ये पहिल्याचं उत्तर कुठल्याही लहान गावात मिळेल: सरकारी कार्यालयं बंद, डॉक्टर दूर, गाडीशिवाय हलता येत नाही. दुसऱ्याचं उत्तर २०२२च्या आकड्यांत आहे: समाजवादी १.७ टक्के, रिपब्लिकन ४.८. मार्च २०२५मध्ये न्यायालयानं मारीनबाईंना निवडणूक लढवायला पाच वर्षांची बंदी घातली, त्यांनी अपील केलं. पण उमेदवार बाद झाला म्हणून मतदार बाद होत नाहीत.

जुलै २०२४मध्ये बांध पुन्हा टिकला, हे मान्य. दोनशेहून अधिक उमेदवारांनी माघार घेतली, आणि ल पेन यांचा पक्ष जागांत तिसरा आला. डाव्या मतदारांनी मॅक्राँ यांची माणसं निवडून आणली, ल पेनना रोखण्यासाठी. सप्टेंबरमध्ये मॅक्राँ यांनी पंतप्रधान नेमले ते चौथ्या क्रमांकावरच्या रिपब्लिकनांचे बार्निये, आणि ते सरकार ल पेन यांच्या मर्जीवर डिसेंबरपर्यंत तगलं. त्या डाव्या मतदाराला २०२७ला पुन्हा नाक दाबून रांगेत उभं राहायला कोण सांगणार, आणि कोणत्या तोंडानं?