दाराला कडी नाही

मराठी मालिकांतल्या घरांत कशाची म्हणून कमतरता नसते. चार माणसं आडवी चालतील एवढा जिना असतो, समईसकट देवघर असतं, ओट्यावर वर्षभर एकच कोथिंबीर निवडली जात असते. बेडरूमही असते, चांगली हॉलएवढी. फक्त तिच्या दाराला कडी नसते. सासू दुधाचा पेला घेऊन येते, नणंद रडत येते, खलनायिका तर पडद्यामागे आधीपासूनच उभी असते. आतलं जोडपं एक तर भांडत असतं, नाहीतर कुणाच्या तरी कारस्थानाचा उलगडा करत असतं. रात्री झोपताना नायिकेच्या अंगावर काठापदराची साडी, आणि कपाळावरची टिकली सकाळपर्यंत जागची हलत नाही.

निम्म्या मालिकांत तर नवरा सोफ्यावरच झोपतो. लग्न कराराचं असतं, सक्तीचं असतं किंवा गैरसमजातून झालेलं असतं. यामागचा हिशेब अगदी साधा आहे. आठवड्याला पाच-सहा भाग, वर्षानुवर्षं चालवायचे. दोघं एकत्र आली की गोष्ट संपली. २०१२ सालच्या ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मधल्या घना-राधाचं कराराचं लग्न गोड वाटलं, कारण ती मालिका वेळेत आटोपली. पुढे तोच करार इतक्यांनी वापरला, की सोफा हे नवविवाहितांचं अधिकृत फर्निचर होऊन बसलं. मग एके दिवशी सुनेला चक्कर येते, डॉक्टर नाडी बघतात आणि ‘गोड बातमी’ सांगतात. ही बातमी कुठल्या वाटेने आली, हे घरातलं कुणी विचारत नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की त्यावर विनोदांची लाट आली. सगळे महिने मोजत होते. ती आणि तिचा नवरा कधी जवळ आले, हा प्रश्न मात्र विनोद करणाऱ्यांनाही पडला नाही.

माझ्या आईला पडतो. गिरगावातल्या दोन खोल्यांत, सासू-सासरे आणि दोन दीर यांच्यात तिने संसार केला. ‘आई कुठे काय करते’मध्ये अरुंधती आणि आशुतोषचं लग्न लागलं, त्यानंतर दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिली, मागे सतार वाजली, तेव्हा आई म्हणाली, ‘‘अगं, लग्न झालं ना यांचं? मग आता दार तरी लोटा म्हणावं.’’

चाळीत कडी असून उपयोग नसायचा, तरी बायका नळावर काय बोलायच्या ते आईच्या पिढीला विचारावं. मंगळागौरीच्या जागरणात रात्री दोननंतरचे उखाणे कुठल्याही वाहिनीने चालू दिले नसते. त्यामुळे ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’ असं मालिकावाल्यांनी म्हटलं की मला हसू येतं. विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ सालचं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींच्या मनातली आणि शरीरातलीही घुसमट त्यात होती, आणि पुण्यात केवढा गदारोळ झाला. र. धों. कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते. अश्लीलतेचे खटले झाले तरी त्यांनी ते मरेपर्यंत, १९५३पर्यंत चालवलं. बाईलाही कामसुख हवं असतं, असं ते तिथे सरळ छापत होते. एवढी शिदोरी पाठीशी असताना आपल्या पडद्यावरच्या बाईला दुधाच्या पेल्यावर भागवावं लागतं.

आणि टीव्हीला हे कधी जमलंच नाही, असंही नाही. नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर ‘हसरतें’ लागायची. हिंदी मालिका, पण गोष्ट आपल्या जयवंत दळवींची, ‘अधांतरी’ कादंबरीवरून घेतलेली. सावी ही विवाहित बाई एका विवाहित पुरुषाच्या प्रेमात पडते आणि त्याच्यासोबत उघडपणे राहू लागते. शेफाली छायाने, म्हणजे आताच्या शेफाली शहाने, ती अशी केली की तिचा रागही यायचा आणि तिच्या जागी स्वतःला ठेवून बघायचा मोहही व्हायचा. सावी देवी नव्हती, नागीणही नव्हती. तिला एक माणूस हवा होता आणि त्या हवेपणाची किंमत ती भागामागून भाग मोजत होती. नीना गुप्ताची ‘सांस’ थोडी नंतरची. तिथे फसवली गेलेली बायको होती, पण नवऱ्याच्या आयुष्यातली दुसरी बाईही माणसासारखी वागायची. आठवड्याला एक भाग येण्याचा तो काळ होता. लेखकाला विचार करायला सात दिवस मिळत.

२००० साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आली आणि दैनंदिन मालिकांनी घराघरांतली रात्र व्यापली. एकच टीव्ही, हॉलमध्ये, समोर आजीपासून नातवापर्यंत सगळे. कुठला दृश्यप्रसंग चालेल हे सेन्सॉरने ठरवायच्या आधी त्या हॉलने ठरवलं. नायिकेला ‘हवं’ असणं हॉलला अवघड वाटतं. तेव्हा हवं असण्याचं खातं खलनायिकेकडे गेलं. तिला लांब टिकली, खोल गळ्याचा ब्लाउज आणि स्वतःचं पार्श्वसंगीत मिळालं. नायिकेकडे त्याग उरला.

या वाटणीचा सर्वात यशस्वी मराठी नमुना म्हणजे ‘माझ्या नवऱ्याची बायको’. ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१. राधिका नागपूरची, साधी, अन्नपूर्णा. तिच्या नवऱ्याची, गुरुनाथची, प्रेयसी शनाया तोकड्या कपड्यांतली, आळशी, खरेदीची हावरट. बाईची शरीराची ओढ आणि तिचा पैशाचा लोभ या दोन गोष्टी इतक्या बेमालूम शिवल्या गेल्या, की एक दिसली की दुसरी आहेच असं आपण गृहीत धरायला लागलो. राधिकाने नवऱ्याच्या बाहेरख्यालीला उत्तर म्हणून मसाल्यांची कंपनी उभी केली. माझं मसाल्याशी वैर नाही, राधिका झालेल्या अनिता दातेवर तर जीव आहे. पण नवरा दुसरीकडे झोपतो म्हटल्यावर बाईला केवळ अपमान वाटतो, आणखी काहीच हरवल्यासारखं वाटत नाही? एवढ्या वर्षांत हा प्रश्न मालिकेला शिवला नाही. ती ऐन भरात असताना, सप्टेंबर २०१८मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं ४९७ कलम रद्द केलं. त्या कलमात बाई आरोपी होऊच शकत नव्हती, आणि तिच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच घडत नव्हता; तिची स्वतःची इच्छा कुठल्याच रकान्यात नव्हती. मालिकेतला कायदा याच्या उलटा. गुरुनाथची लबाडी हसण्यावारी जायची आणि खरी आरोपी शनायाच ठरायची.

मध्यमवयीन नायिकांची लाट आली तेव्हा मला आशा वाटली होती. ‘अग्गंबाई सासूबाई’त सुनेने पुढाकार घेऊन विधवा सासूचं लग्न लावून दिलं. निवेदिता सराफांची आसावरी बघून कितीतरी घरांत जेवणाच्या टेबलावर विषय निघाला, हे श्रेय त्या मालिकेला द्यायलाच हवं. पण तिचा अभिजीत राजे शेफ निघाला आणि सगळं प्रेम ताटात वाढलं गेलं. अरुंधतीचंही तसंच. बंगाली ‘श्रीमोयी’वरून आलेली ही गोष्ट, तिचाच हिंदी अवतार ‘अनुपमा’. घटस्फोट घेऊन तीन मोठ्या मुलांची आई घराबाहेर पडते, हे रोज रात्री दाखवणं सोपं नव्हतं. आशुतोषचं मात्र कॉलेजपासून तिच्यावर प्रेम. म्हणजे थांबला तो, झुरला तो, मागणी घातली त्याने. तिच्या वाट्याला काय, तर हळूहळू ‘हो’ म्हणणं. तरीही पन्नाशीच्या उंबरठ्यावर लग्न कसलं करते म्हणून सोशल मीडियावर नाकं मुरडली गेलीच. पुढे लेखकांनी आशुतोषला मारून टाकलं. तिकडे संजना, अरुंधतीच्या आधीच्या नवऱ्याची, अनिरुद्धची प्रेयसी, बायको होऊन त्याच घरात आली आणि बघता बघता तीही सोसू लागली. लग्नानंतर ओढ शिल्लक ठेवायची नसते, असा काहीतरी नियम असावा.

रजोनिवृत्तीच्या या वयातल्या एकाही मराठी मालिका-नायिकेला मी रात्री घामाघूम होऊन उठताना पाहिलं नाही. तेही कुठे दिसलं, तर नेटफ्लिक्सच्या ‘बॉम्बे बेगम्स’मध्ये: पूजा भट्टची बँकेची बडी अधिकारी, भर कामात अंगाचा दाह होतो आणि ती तोंड धुऊन परत जाते. ओटीटीवर बाईला इच्छा असते. मात्र त्या इच्छेबरोबर सहसा उंच इमारतीतला फ्लॅट आणि वाइनचा ग्लासही लागतो. डोंबिवलीच्या वन बीएचकेत अजून कुणी कॅमेरा नेलेला नाही.

आकेरीच्या वाड्यात मात्र नेला. ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या पर्वातली शेवंता ही अलीकडच्या मराठी टीव्हीवरची एकमेव बाई, जी आपल्याला काय हवंय हे डोळ्यांत काजळ घालून सांगायची. अपूर्वा नेमळेकरने ती नुसत्या नजरेने आणि आळसावलेल्या चालीने उभी केली. तिच्या प्रियकराच्या, अण्णा नाईकांच्या पापांची यादी मोठी होती, तरी लोक वाट बघायचे शेवंताची. ज्या हॉलमध्ये एरवी रिमोट शोधला जायचा, तिथे सासवा-सुना एकत्र बसून तिला बघत होत्या. भयकथा असल्याने सगळ्यांची सोय झाली. हिचं वाईट होणार हे आधीच ठरलेलं असलं की तिच्याकडे बिनधास्त बघता येतं. झालंही तसंच, ती मेली आणि तिसऱ्या पर्वात भूत होऊन फिरू लागली.

मला तिच्यापेक्षा जास्त कुतूहल अण्णांच्या बायकोचं, माईंचं. चार मुलांची आई, वाड्याची किल्ली कमरेला, नवरा रात्रीचा कुठे जातो हे गावाइतकंच तिलाही ठाऊक. शकुंतला नरे यांनी तिचं सोसणं इतकं खरं केलं की आपण तिची कीव करण्यात गुंतलो. अण्णा घरात नसलेल्या रात्री माईंना सुटल्यासारखं वाटायचं, की त्यांचीही तडफड व्हायची, की सुरुवातीच्या वर्षांत अण्णा त्यांना आवडायचेही? एवढ्या भागांत हे माईंना कुणी विचारलं नाही, शेजारणीनेसुद्धा नाही. एक पर्व त्यावर सहज निघेल, तेही भुताशिवाय.