उताराला रंग कशाला?

दसरा जवळ आला की आमच्या गल्लीत एक साथ येते. गेटपासून पोर्चपर्यंत गाडी आत घ्यायचा जो सिमेंटचा उतार असतो ना, तो रंगवायची. कुणी लाल, कुणी हिरवा, एकाने तर चक्क मोरपंखी! आमचं घर एपीएमसी मार्केटपासून चालत दहा मिनिटांवर, सिडकोचं जुनं रो-हाऊस. पाऊस संपला की उतार बघवत नाही. टायरचे काळे पट्टे, ऑइलचा डाग, कडेला शेवाळ आणि गेल्या वर्षीच्या लाल रंगाचे पापुद्रे. बाबांनी या शनिवारी नवा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. "पाहुणे यायच्या आत उरकून टाक."

मी नाही म्हटलं. का, ते सांगतो.

गेल्या दिवाळीत रंगाऱ्याने ऑइल पेंटचे दोन हात मारले होते. "साब, कांच जैसा चमकेगा." चमकलाही. जूनच्या पहिल्याच पावसात आई भाजीची पिशवी घेऊन आत येताना त्याच काचेवरून घसरली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तिने "माझीच चप्पल झिजलेली" म्हणून विषय मिटवला. पण रंगाची शेड मी पसंत केली होती, आणि तो ओला झाल्यावर पाय टिकेल का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. हापिसात टेस्टिंगवर भाषणं देणारा मीच तो.

बरं, एवढं करून रंग टिकला का? ऑगस्टपर्यंत निम्मा उडाला. रंगाऱ्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. सिमेंट अल्कधर्मी असतं, ओल मिळाली की ते ऑइल पेंटमधल्या तेलाचा हळूहळू साबण करतं. शिवाय काँक्रीट स्पंजासारखं असतं. खाडीलगतच्या आपल्या भागात जमिनीतलं पाणी फार खाली नसतं, ते वर चढतं, क्षार घेऊन येतं, लोणा लागतो आणि रंग खालून ढकलला जातो. आणि आपण रंगवतो कधी? चार महिने पाऊस पिऊन काँक्रीट तुडुंब झालेलं असताना! सणाचा मुहूर्त आणि रंगाचा मुहूर्त यांचं जमत नाही, दुसरं काय.

मार्केटमध्ये एक चक्कर मारून बघा. कांदा-बटाट्याच्या गाळ्यांसमोर पन्नासेक किलोची गोण पाठीवर घेऊन हमाल चालतो. त्याच्या पायाखाली कुणी तुळतुळीत रंग देईल का? आपल्या घरी मात्र सत्तरीच्या माणसांसाठी आपण ते हौसेनं करतो.

शेजाऱ्यांचं म्हणणं, रंग असला की झाडायला सोपं. खरं आहे. हौस असेलच तर फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. जुना रंग खरवडा, ऑइलचा डाग आधी काढा, नाहीतर तिथला पहिला निघेल. मग हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. खाली थेंब जमले किंवा सिमेंट काळपट झालं तर थांबा. कोरडं असेल तर सिमेंटच्या जमिनीसाठी मिळणारा रंग घ्या, आणि त्यात बारीक वाळू घालायला सांगा. चकाकी जाते. जाऊ दे.

हे सगळं बाबांना सांगितलं. "तिनं जपून चालायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला. त्यावर मी जरा आवाज चढवला, तो चढवायला नको होता. मग गुपचूप जाऊन प्लास्टिक चिकटवलं.

आज सकाळी ते उचललं तेव्हा बाबा चहाचा कप घेऊन शेजारीच उभे होते. आतून थेंबच थेंब. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने डबा उचलून गेटकडे गेले. लोखंडाला ऑइल पेंट चालतो. मी तारेचा ब्रश घेऊन उताराचे पापुद्रे खरवडतोय, अजून अर्धा बाकी आहे.