घोडे राजाचे, बाकी चाच्यांचे

मुंबईच्या बोरिवली उपनगरात पश्चिमेच्या बाजूला एकसर नावाचे जुने गाव आहे. गाव आता नावापुरतेच उरले आहे. चोहोबाजूंनी इमारती उठल्या आहेत आणि त्या दाटीत काही कोरीव दगड उभे आहेत. आसपासची माणसे त्यांना देव मानून हात जोडतात, पण हे देव नव्हेत. हे वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांची स्मारके. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असे दगड गावोगाव सापडतात. खालच्या पट्टीत लढाई, तिच्या वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवपूजा, अशी त्यांची ठरलेली मांडणी असते. गाईगुरे सोडवताना नाहीतर गावाची वेस राखताना कोणी पडला की त्याचा दगड उभा राही. एकसरचे वेगळेपण असे की तिथल्या चार दगडांवर कोरलेली लढाई समुद्रावरची आहे.

एका दगडाच्या तळाशी पाच गलबते ओळीने निघाली आहेत. त्यांची नाळ उंच उचललेली, मधे डोलकाठी, एकेका बाजूला नऊ नऊ वल्ही आणि फळीवर धनुष्ये घेतलेले सैनिक. वल्हवणारे खाली, लढणारे वर. तोफेचा मागमूस नाही, कारण हिंदुस्थानच्या समुद्रावर तोफ यायला अजून दोन-अडीच शतके अवकाश होता. मराठी माणसाला आरमार म्हटले की शिवाजी महाराज आणि कान्होजी आंग्रे आठवतात. ही लढाई महाराजांच्या आरमाराच्याही सुमारे चारशे वर्षे आधीची.

ती कोणाची, याविषयी अनेक अभ्यासकांचे मत असे की हा उत्तर कोकणच्या शिलाहारांचा शेवटचा दिवस आहे. शिलाहार राजा सोमेश्वर याच्यावर देवगिरीचा यादव राजा महादेव चालून आला. यादवांचे बळ हत्तींचे आणि जमिनीवरचे. जमिनीवर हरल्यावर सोमेश्वराने गलबतांचा आसरा घेतला, महादेवाने समुद्रातही पाठ सोडली नाही आणि १२६५ च्या सुमारास सोमेश्वर समुद्रातच संपला. हे ज्याने लिहून ठेवले तो हेमाद्री, म्हणजेच आपला हेमाडपंत. देवळांच्या बांधणीमुळे घरोघर माहीत असलेला हा यादवांचा मंत्री आपल्या ग्रंथात धन्याची स्तुती करताना सुचवतो की सोमेश्वराला महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा समुद्राच्या पोटातला वडवानल बरा वाटला. दरबारी कवित्व बाजूला ठेवले तरी गोष्ट उरतेच. एक राजघराणे पाण्यात बुडाले आणि उत्तर कोकणचा किनारा यादवांच्या हाती गेला.

त्या काळची समुद्रावरची लढाई म्हणजे खरे तर पाण्यावर आणलेली जमिनीवरचीच लढाई. अरबी समुद्रातली बरीचशी जहाजे खिळ्यांनी ठोकलेली नसत. फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवत. अशा शिवलेल्या जहाजाने शत्रूच्या जहाजाला धडक देणे म्हणजे स्वतःच उसवून घेणे. म्हणून दुरून बाण आणि दगड, जवळ गेल्यावर समोरच्या जहाजावर उड्या घेऊन तलवारी, असा प्रकार चाले. शीड वाऱ्याचे गुलाम असते. ऐन लढाईत हुकमी चाल हवी तर वल्हीच हवीत. एकसरच्या शिल्पकाराने वल्ही मोजून कोरली, ती उगाच नव्हे.

पण राजाराजांच्या लढाया काही रोज होत नसत. व्यापाऱ्यांना रोजची धास्ती होती ती चाच्यांची. आणि चाचा कुठे संपतो व राजा कुठे सुरू होतो, हे त्यांना नेहमी कळतच असे असे नाही.

याचा नमुना ठाण्यातलाच आहे. सोमेश्वर गेल्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो चीनहून समुद्रमार्गे परत फिरला. मायदेशी गेल्यावर व्हेनिस आणि जिनोआ यांच्या आरमारी युद्धात तो कैदी झाला आणि १२९८ मध्ये जिनोआच्या तुरुंगात त्याने आपला वृत्तांत एका सोबत्याला सांगितला. त्यात ठाण्याविषयी थोडा पण झोंबणारा मजकूर आहे. ठाण्याच्या बंदरातून चाचे निघतात ते राजाच्या संमतीने, असे तो सांगतो. करार सरळ होता. लुटीत घोडे सापडले तर ते राजाचे, बाकीचे सगळे चाच्यांचे.

घोडेच का? कारण दक्षिणेत चांगला घोडा निपजत नसे आणि घोडदळाशिवाय राज्य टिकत नसे. इराण आणि अरबस्तानच्या किनाऱ्यावरून जहाजे भरभरून घोडे येत. इराणी इतिहासकार वस्साफ वर्षाला दहा हजार घोड्यांचा आकडा देतो. हिंदुस्थानकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जहाजावर घोडे असतच, असे पोलोही म्हणतो. तेव्हा पदरचे सोने मोजण्याऐवजी किनाऱ्यावरच्या लुटारूंशी सूत जमवणे राजाला स्वस्त पडे. राजाला हे शोभत नाही, असा शेरा पोलोने मारला आहे. तो स्वतः व्यापाऱ्याचा मुलगा, त्यामुळे त्याचा राग समजण्यासारखा आहे.

मलबार आणि गुजरातच्या चाच्यांचे वर्णन तर आणखी रंगतदार आहे. दरवर्षी शंभराहून अधिक जहाजे या कामावर निघत. बायकामुले बरोबर असत आणि सगळा उन्हाळा समुद्रावरच मुक्काम. वीस-तीस जहाजे एकमेकांपासून पाच-सहा मैलांवर ओळीने उभी राहत. म्हणजे शंभरेक मैलांचे जाळेच टाकलेले. व्यापारी जहाज कोणाच्या दृष्टीला पडले की तो जाळ नाहीतर धूर करून शेजाऱ्याला खूण देई, शेजारी पुढच्याला. मग सुटका कठीण. लुटून झाले की माणसांना मात्र सोडून देत. जा, पुन्हा धंदा करा, पुढच्या वेळी ते धनही आमच्याच हाती लागेल, अशा मतलबाचा निरोप वर मिळे. यात दया किती आणि हिशेब किती, हे सांगायला नको. गाय दुभती असेपर्यंत तिला कोण मारतो?

गुजरातकडचे चाचे जरा अधिक चिकित्सक. झडती होणार हे ओळखून व्यापारी मोती आणि रत्ने गिळून टाकत. त्यावर चाच्यांचा उतारा म्हणजे चिंच. समुद्राच्या पाण्यात चिंच कालवून ते पेय व्यापाऱ्याला बळजबरीने पाजायचे, की पोटातला ऐवज आपोआप बाहेर. आमटीतल्या चिंचेचा हा उपयोग आपल्या गृहिणींच्या कधी ध्यानात आला नसेल.

समुद्रावरून वाचून बंदरात शिरले तरी व्यापारी सुटला असे नव्हे. मलबारातल्या एली बंदराची रीत पोलो सांगतो. जहाज तिथेच यायला निघालेले असेल तर त्याचा मान राखायचा. पण दुसरीकडे निघालेले जहाज आसऱ्याला आले तर ते देवानेच आपल्याकडे धाडले असे म्हणून सगळा माल ताब्यात घ्यायचा. वादळाने किनाऱ्यावर फेकलेले जहाज राजाचे, ही समजूत पुष्कळ ठिकाणी होती. तिच्यात आणि चाचेगिरीत फरक एवढाच की इथे समुद्रात उतरण्याचे कष्टही नव्हते.

ही रीत मोडणारा एक राजा पूर्व किनाऱ्यावर होऊन गेला. आंध्रातल्या मोटुपल्ली बंदरात काकतीय राजा गणपतिदेव याने १२४४-४५ च्या सुमारास एक अभयशासन दगडावर कोरवून घेतले. वादळात सापडून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांतले सोने, हत्ती, घोडे, रत्ने पूर्वीचे राजे बळाने घेत असत, हे त्यात स्पष्ट कबूल केले आहे. जिवावर उदार होऊन समुद्र ओलांडणाऱ्या माणसांकडून आपण ठरलेल्या जकातीखेरीज काही घेणार नाही, असे वचन पुढे दिले आहे. ती जकात होती तिसावा हिस्सा. गणपतिदेवाने दयेबरोबर कीर्तीचाही उल्लेख केला आहे. त्याला व्यापाराची जाण चांगली असली पाहिजे. जिथे माल सुरक्षित, तिथे जहाजे आपण होऊन येतात.

पश्चिम किनाऱ्यावर मात्र ज्याचे त्याने पाहावे अशीच स्थिती राहिली. पुढच्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघाला. खंबायतच्या आखातातल्या गंधारहून त्याला मिळालेल्या जहाजावर ५० वल्हेकरी आणि ५० हबशी योद्धे होते. हबशांचा दरारा असा की एक जरी हबशी जहाजावर दिसला तरी चाचे वाट सोडतात, असे तो म्हणतो. बरोबरच्या दुसऱ्या जहाजाला ६० वल्ही होती आणि लढाईच्या वेळी वल्हेकऱ्यांच्या डोक्यावर छप्पर घालत, म्हणजे बाण आणि दगड लागू नयेत. त्याची घडण त्याने ‘गुराब’सारखी सांगितली आहे. हाच शब्द पुढे मराठ्यांच्या आरमारात घरचा झाला.

काही वर्षांनी मात्र हाच इब्न बतूता कोल्लमहून होनावरकडे निघाला, तेव्हा पहिल्यासारखे संरक्षण नव्हते. होनावरच्या अलीकडे एका लहान बेटाजवळ १२ जहाजांनी त्याच्या जहाजाला घेरले. सिंहलद्वीपच्या राजाने दिलेली रत्ने आणि मोती गेले, कपडे गेले, अडचणीसाठी राखून ठेवलेले होते तेही गेले. अंगावर राहिली एक विजार. तशाच स्थितीत त्याला किनाऱ्यावर सोडले. तो कालिकतला पोचला तेव्हा एका शास्त्र्याने झगा पाठवला, काझीने पागोटे दिले आणि एका व्यापाऱ्याने आणखी एक वस्त्र.

रत्नांची हळहळ त्याने फार केलेली नाही. पण बुखाऱ्याला थोर विद्वानांच्या थडग्यांवरचे लेख त्याने हाताने उतरवून घेतले होते. त्यात ते विद्वान आणि त्यांनी लिहिलेल्या ग्रंथांची नावे होती. ते कागदही त्या दिवशी लुटीत गेले. दहाएक वर्षांनी मोरोक्कोत आपला प्रवास सांगताना बुखाऱ्याचा विषय निघाला, तेव्हा त्याला ते कागद आठवले. बारा जहाजांच्या त्या लुटारूंनी ते कागद उलटसुलट करून पाहिले असतील आणि मग बहुधा समुद्रात टाकले असतील.